दोन बेडरूमचा कॉन्डो विकायचाय, जाहिरातीत परिसराबद्दल काय लिहू?

ओसरी:
नमस्कार मंडळी. आमचा दोन बेडरूमचा कॉन्डो, म्हणजे सामाईक इमारतीतला मालकीचा फ्लॅट, विकायला काढतोय. अमेरिकेत आहे. घर अजून बाजारात आलेलं नाही, म्हणून शहराचं नाव इथे लिहीत नाही. सोळा वर्षं राहिलो इथे. लेक याच घरात लहानाची मोठी झाली, आता कॉलेजला गेली. नवऱ्याची नोकरी बदलली, त्यामुळे हलणं भाग आहे.

अडलंय ते जाहिरातीच्या मजकुरावर. एजंटने मसुदा पाठवला, त्याची पहिलीच ओळ अशी: 'झपाट्याने वर येणाऱ्या परिसरातलं रत्न'. दोन दिवस ती ओळ डोक्यातून जात नाहीये. आम्ही आलो तेव्हा कोपऱ्यावरचं गोदाम बंद पडलेलं होतं, आता तिथे काचेची इमारत आहे. रस्त्याला सायकलची मार्गिका आली, झाडं लागली. सगळं खरं आहे. पण आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी अडतीस वर्षं राहताहेत. त्या आल्या तेव्हाही हा परिसरच होता ना? लोक राहत होते, मुलं शाळेत जात होती. मग 'वर येणारा' म्हणजे कुठून वर?

दुसरी गोष्ट जास्त टोचतेय. इमारतीच्या छपराचं काम निघणार आहे. इमारतीतल्या मालकांच्या असोसिएशनच्या बोर्डाच्या गेल्या दोन बैठकांत चर्चा झाली, आकडा ठरलेला नाही. एजंटचं म्हणणं, ठरलेलं नाही ते जाहिरातीत कशाला. तुमच्यापैकी कोणी कॉन्डो विकलाय किंवा घेतलाय का? काय लिहिलंत, काय वाचायला आवडलं असतं?

कंदील:
'वर येणारा' म्हणजे किमती वर येणारा, एवढाच अर्थ घ्या ताई. घेणारा माणूस पुढच्या दहा वर्षांचा विचार करतो. त्याला ते दोन शब्द दिसले नाहीत तर तो पुढच्या जाहिरातीवर जातो. एजंटला त्याचं काम करू द्या.

पानगळ:
घेणारी म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी आम्ही अशाच बदलत्या भागात दोन बेडरूमचा कॉन्डो घेतला. जाहिरातीत 'चैतन्यमय', 'हवाहवासा', 'पुढचं मोठं ठिकाण' अशी विशेषणं ओळीने होती. राहायला गेलो आणि समोरच्या मोकळ्या जागेवर पायलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत ठोकणं, सुरू झालं. सकाळी सातला ठोके, कपाटातल्या बश्या वाजायच्या. दोन वर्षं चाललं ते. बांधकामाची परवानगी आम्ही घर बघायला गेलो त्याच्या आधीच निघालेली होती. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसली असती, पण आम्हाला तिथे बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

त्यामुळे मला काय वाचायला आवडलं असतं? ऊन कुठल्या खोलीत आणि कधी येतं. स्टेशन चालत किती मिनिटांवर. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येतं का. समोर काय आहे आणि तिथे पुढे काय होणार आहे. विशेषणं आम्ही आमची लावू.

बोरकूट:
पानगळ +१
आमच्या जाहिरातीत 'आरामदायी' होतं. दुसऱ्या बेडरूममध्ये पलंग ठेवला की दार लागत नव्हतं. दार लावायचं तर पलंग बाहेर. मुलगा म्हणायचा, बाबा, ही दीड बेडरूम आहे!

ओसरी:
बोरकूट :) आमची दुसरी बेडरूम पुरती आहे हो. पूर्वेची खिडकी आहे, लेकीची होती ती. दाराच्या चौकटीवर आणि भिंतीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. रंगारी परवा येणार आहे, अजून त्याला त्या खुणांबद्दल काही सांगितलं नाहीये.

शिंपला:
मी काही वर्षं एजंट होते, आता सोडलंय. थोडं त्या बाजूने.

अमेरिकेत जाहिरातीच्या शब्दांना कायदा लागू आहे. १९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला त्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून घर विकण्यात किंवा भाड्याने देण्यात भेदभाव करता येत नाही, आणि तसं सुचवणारी जाहिरातही करता येत नाही. पुढे १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व आणि घरात मुलं असणं हे त्यात आलं. म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: घराचं वर्णन करा, माणसांचं नको. 'तरुण जोडप्यांसाठी उत्तम' नाही लिहायचं. 'अमुक देवळाजवळची चांगली वस्ती' नाही लिहायचं. 'सुरक्षित परिसर'सुद्धा जपून, कारण सुरक्षित कोणापासून हा प्रश्न लगेच उभा राहतो.

'वर येणारा' बेकायदा नाही. पण ओसरीला जे खुपतंय ते मला कळतं. त्या शब्दात न बोललेला एक भाग असतो, की इथली माणसं बदलताहेत. आम्ही सगळे तो शब्द वापरायचो. मीही वापरलाय, पुष्कळ वेळा, आणि आज वापरणार नाही.

कंदील:
शिंपलाताई, मग विकणाऱ्याने लिहायचं तरी काय? परिसर बदलतोय ही वस्तुस्थिती आहे. ती लपवायची का?

शिंपला:
लपवायची नाही, नेमकी लिहायची. 'मागच्या वर्षी सायकल मार्गिका झाली', 'कोपऱ्यावर नवी इमारत झाली, तळमजल्यावर दुकानं आहेत'. वाचणाऱ्याला बदल दिसतो आणि कोणाच्या डोक्यावर पाय पडत नाही.

रानवाट:
शब्दांवर चाललंय तर थोडं मागे जातो, लांबेल.

या सगळ्या प्रकाराला जो शब्द आहे, 'जेंट्रिफिकेशन', तो १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनबद्दल लिहिताना घडवला. कामगारांच्या गल्ल्यांमध्ये मध्यमवर्गीय येऊन जुनी घरं विकत घ्यायला लागले, दुरुस्त करायला लागले, आणि एकदा हे सुरू झालं की मूळचे रहिवासी जवळजवळ सगळे निघून जाईपर्यंत थांबत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं.

पण अमेरिकेतल्या भागांचं आणखी एक आहे. ते आधी खाली का गेले? १९३०च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने २००हून जास्त शहरांचे नकाशे करून घेतले. हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कर्ज द्यायला धोकादायक. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सगळ्या लाल रंगात गेल्या. कर्ज नाही, म्हणजे छपराला पैसे नाहीत, घर घ्यायला गिऱ्हाईक नाही. अशी दोन पिढ्या पडझड झाल्यावर जमीन स्वस्त होते. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये यालाच धरून मांडणी केली: आज त्या जागेचं जे भाडं मिळतंय आणि चांगला वापर केला तर जे मिळू शकेल, त्या दोहोंत दरी वाढत जाते. पुरेशी वाढली की पैसा तिकडे धावतो. म्हणजे परिसर आपोआप 'वर' येत नाही. आधी त्याला खाली ठेवलेलं असतं.

ओसरी, तुमच्या शहराचे ते जुने नकाशे आता इंटरनेटवर बघता येतात. तुमची गल्ली कुठल्या रंगात होती ते बघा.

कंदील:
रानवाट, माहिती छान, पण बाईंना कॉन्डो विकायचाय. १९३० चा नकाशा जाहिरातीला जोडायचा का?

रानवाट:
नाही हो. जाहिरातीसाठी नाहीच ते. त्यांनी विचारलं 'कुठून वर', त्याचं उत्तर दिलं.

तिसरामजला:
नावांचाही विषय काढा कोणीतरी. परिसराची किंमत वाढवायची तर आधी नाव बदलतात. न्यूयॉर्कमधलं सोहो हे नाव १९६०च्या दशकातलं, 'साउथ ऑफ हाउस्टन', म्हणजे हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेचं म्हणून. तिथल्याच दुसऱ्या एका भागाचं डंबो हे नाव तर रहिवाशांनीच १९७८ मध्ये ठेवलं, इतकं बेढब नाव ऐकून बिल्डर फिरकणार नाहीत म्हणून. बिल्डर आलेच, आणि तेच नाव आता महागड्या घरांवर झळकतं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्याच हार्लेमच्या दक्षिण भागाला 'सोहा' म्हणायचा घाट घातला होता, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. आमच्याच भागाला आलेलं नवं नाव मला पिझ्झाच्या खोक्यावर वाचून कळलं.

बोरकूट:
आमच्या जुन्या भागाचं नाव बदललं तेव्हा पोस्टमनकाका म्हणाले होते, नाव काहीही ठेवा, पिनकोड बदलू नका.

ओसरी:
तिसरामजला, एजंटच्या मसुद्यात आमच्या भागाचं असंच एक नवं नाव आहे! आजींना विचारलं, त्यांनी ते कधी ऐकलेलंच नव्हतं.

गणिती:
मंडळी, परिसरावर तीन पानं झाली, छपरावर एकही ओळ नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो. मी आमच्या असोसिएशनचा खजिनदार सहा वर्षं होतो.

कॉन्डो म्हणजे भिंतींच्या आतली जागा तुमची आणि छप्पर, जिना, लिफ्ट, बॉयलर, पाया सगळ्यांचा मिळून. नावातच ते आहे, 'कॉन्डोमिनियम' म्हणजे एकत्र मालकी. अमेरिकी प्रदेशांत याचा कायदा आधी पोर्तो रिकोत १९५८ मध्ये झाला, मग १९६० मध्ये युटा राज्यात. १९६१ पासून केंद्र सरकारचा कर्जविमा कॉन्डोला मिळायला लागला आणि मग हा प्रकार देशभर पसरला. तेव्हा बांधलेल्या इमारती आज साठीच्या आहेत. साठीतल्या माणसाला जसा दवाखान्याचा खर्च असतो, तसा त्यांनाही असतो.

घेणारा माणूस ओटा बघतो, फरशी बघतो, कपाटं उघडून बघतो. मी म्हणतो, घरात पाऊल टाकायच्या आधी तीन कागद मागा: दोन वर्षांची इतिवृत्तं, राखीव निधीचा अहवाल आणि चालू वर्षाचं अंदाजपत्रक. मासिक फी कमी आहे म्हणून हुरळू नका. फी कमी ठेवायला राखीव निधीत भर घातलेली नसते, आणि मग छपराच्या वेळी सगळ्यांच्या दारात एकदम बिल येतं. त्यालाच स्पेशल असेसमेंट म्हणतात. आमच्याकडे लिफ्टचं आलं तेव्हा दोन कुटुंबांना घर विकावं लागलं. बदलत्या परिसरात हे जास्त होतं. जुने मालक पेन्शनवर असतात, त्यांना फी वाढ नको असते. नवे आलेले म्हणतात, लॉबी चकचकीत करा. दोन्ही बाजूंना छप्पर दिसत नाही, कारण ते वर असतं.

२४ जून २०२१ ला फ्लोरिडात सर्फसाइड इथली बारा मजली कॉन्डो इमारत रात्री कोसळली. ९८ माणसं गेली. १९८१ ची इमारत. २०१८ मध्ये अभियंत्याने तिथल्या काँक्रीटच्या गंभीर नुकसानीबद्दल लेखी दिलं होतं. वर्गणी किती आणि कधी, यावर मालकांत दीर्घकाळ वाद चालले. मी तेव्हा खजिनदार होतो. ते वाचल्यावर त्या आठवड्यात मी आमचे जुने अहवाल काढून पुन्हा वाचले, एकेक पान.

त्यानंतर फ्लोरिडात कायदे कडक झाले. शिवाय २०२२ च्या सुरुवातीपासून, बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांमुळे कर्ज देणाऱ्या बँका असोसिएशनकडून प्रश्नावली भरून घेतात: मोठी दुरुस्ती रखडली आहे का, असेसमेंट आहे का. म्हणजे ओसरी, तुम्ही छप्पर लिहिलं नाही तरी घेणाऱ्याची बँक विचारणारच आहे. तिथे ते आलं की सौदा शेवटच्या आठवड्यात मोडतो. आणि बऱ्याच राज्यांत विक्रेत्याला माहीत असलेले दोष लेखी द्यावेच लागतात, तुमच्या वकिलाला विचारा.

कंदील:
छपराबद्दल गणितींशी पूर्ण सहमत. माझं म्हणणं फक्त शब्दापुरतं होतं. दोष लपवू नका, ते अंगाशी येतं.

वाटसरू_दूरचा:
विकण्यापेक्षा भाड्याने का देत नाही? किंमत वाढतेय म्हणता ना.

गणिती:
दोन गोष्टी बघाव्या लागतील. पहिली कराची. १९९७ पासून नियम असा की शेवटच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं स्वतः राहिलेलं घर विकलं, तर नफ्यातले अडीच लाख डॉलर आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंत करमुक्त असतात. भाड्याने देऊन तीन वर्षांहून जास्त काळ गेला की ही सवलत हातची जाते. दुसरी म्हणजे असोसिएशनचे नियम. किती घरं भाड्याने देता येतील याला अनेक ठिकाणी मर्यादा असते. मालक स्वतः राहत नसलेली घरं वाढली की बँका त्या इमारतीवर कर्ज द्यायला कुरकुर करतात, आणि सगळ्यांचीच घरं विकायला जड जातात.

ओसरी:
भाड्याचा विचार केला होता. आमच्याकडे मर्यादा आहे आणि यादीत आमच्या पुढे चार जण आहेत. शिवाय लांबून छपराच्या बैठकांना कोण बसणार. विकायचं नक्की आहे.

उंबरठा:
बरेच दिवस वाचतेय, लिहू की नको ठरत नव्हतं.

मी दुसऱ्या बाजूची. आम्ही भाडेकरू होतो. नऊ वर्षं एकाच घरात, दोन खोल्या, मागे लोखंडी जिना. मालकाने इमारत विकली, घेणाऱ्याने कॉन्डो करायचे ठरवले. आम्हाला पत्र आलं, घर आधी तुम्ही घेऊ शकता, अमुक दिवसांत कळवा. कायद्याने विचारावं लागतं म्हणून विचारलं होतं. आमच्याकडे डाउन पेमेंटला पैसे नव्हते. मुलाची शाळा चालत चार मिनिटांवर होती, ती सुटली. नंतर एकदा त्या इमारतीची जाहिरात बघितली. आमच्या स्वयंपाकघराची भिंत पाडून तिथे मोठा ओटा केला होता. खाली लिहिलं होतं, 'नव्याने शोध लागलेला परिसर'.

ओसरी, तुमच्यावर राग नाही. तुम्ही राहायला घेतलंत, राहिलात, आता निघालात. तुम्ही तो शब्द वाचून थबकलात, याचं मला बरं वाटलं म्हणून लिहिलं.

पानगळ:
उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही घेतलेलं घरही असंच रूपांतरित इमारतीतलं आहे. आधी तिथे कोण राहत होतं याचा विचार मी आजपर्यंत केला नव्हता. मीटरच्या खोलीत एका जुन्या पत्रपेटीवर आडनाव अजून तसंच आहे.

कंदील:
उंबरठा, 'एवढाच अर्थ घ्या' असं मी वर म्हटलं होतं, ते मागे घेतो.

पण एक प्रश्न मनापासून विचारतो. ओसरीताईंनी तो शब्द काढला तरी घर घेणार तोच, ज्याच्याकडे पैसे आहेत. खालच्या आजींना त्याचा काय उपयोग?

शिंपला:
आजी मालक आहेत की भाडेकरू, यावर अवलंबून आहे. मालक असतील तर त्यांची खरी भीती मालमत्ता कर आणि असेसमेंटची. किमती वाढल्या की कराचं मूल्यांकन वाढतं, उत्पन्न मात्र तेवढंच. अनेक ठिकाणी ज्येष्ठांना करात सवलत किंवा स्थगिती असते, पण ती अर्ज केल्याशिवाय मिळत नाही आणि अर्जाचं कोणी सांगत नाही.

ओसरी:
मालक आहेत. आणि सवलतीचा अर्ज केलाय की नाही, मला माहीत नाही. सोळा वर्षांत कधी विचारलं नाही. उद्या विचारते.

तिसरामजला:
छपराचे पैसे एकरकमी भरायला त्यांना जड जाणार असेल तर बोर्डाला आधीच सांगा. काही असोसिएशन बँकेतून कर्ज काढतात आणि दरमहा हप्ते लावतात. तुम्ही निघायच्या आधी बैठकीत हा ठराव मांडू शकता, तुमचं मत अजून आहे.

गणिती:
उत्तम सूचना. व्याज पडतं, पण कोणाला घर सोडावं लागत नाही. आमच्या लिफ्टच्या वेळी हे कोणाला सुचलं नाही.

ओसरी:
अकरा दिवसांनी धागा वर काढतेय.

आधी आजींचं. सवलतीचा अर्ज केलेला नव्हता. काल आम्ही दोघींनी बसून भरला, त्यांचा चष्मा शोधण्यात अर्धा तास गेला. छपराचा आकडा आला, बैठकही झाली. हप्त्यांचा ठराव मी मांडला आणि तो मंजूर झाला. आमच्या वाट्याची रक्कम आम्ही विक्रीच्या वेळी पूर्ण भरणार आहोत. एजंटला कळवलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला की हे तर जाहिरातीत वरच घालू.

रानवाट, नकाशा बघितला. आमची गल्ली लाल आहे.

जाहिरात मीच लिहिली, शिंपलाताईंनी विरोपातून दुरुस्त केली. मराठीत साधारण अशी:

'दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूम. पूर्वेच्या बेडरूममध्ये सकाळी नऊपर्यंत ऊन, बैठकीत दुपारनंतर. स्वयंपाकघराला खिडकी आहे. लिफ्ट नाही, जिना रुंद आहे. स्टेशन चालत सात मिनिटं. रस्त्याच्या बाजूला दिवसा वाहनांचा आवाज, मागच्या बाजूला शांत. समोरच्या कोपऱ्यावर सहा मजली इमारतीला परवानगी मिळाली आहे, काम पुढच्या वर्षी सुरू होण्याची शक्यता. छपराचं काम या उन्हाळ्यात, या घराच्या वाट्याची रक्कम विक्रेते भरतील. दोन वर्षांची इतिवृत्तं आणि राखीव निधीचा अहवाल घर बघायला येताना मिळेल.'

परिसराचं जुनंच नाव ठेवलंय.

पानगळ:
चार वर्षांपूर्वी अशी जाहिरात दिसली असती तर मी धावत आले असते.

उंबरठा:
समोरच्या इमारतीचं लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

बोरकूट:
आणि भिंतीवरच्या खुणांचं काय झालं?

ओसरी:
रंगारी म्हणाला, दाराची चौकट उकलून देतो, तिथेच आहेत ना सगळ्या खुणा. मी म्हटलं, नाहीत, दोन भिंतीवर आहेत. चौकट घेऊन जातोय, त्या दोन ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या.